दोन ठोके दिसले होते, आता एकच आहे. बाप कोण, याची चाचणी आत्ता करू का?

*ताई, मी 31 वर्षांची आहे. सातपूरला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, इंदिरानगरला भाड्याने राहते. नवऱ्यापासून दीड वर्ष वेगळी आहे, घटस्फोटाची केस चालू आहे. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याशी माझं जमलंय, लग्न करायचं ठरलंय. मध्ये नवरा ‘एकदा शेवटचा प्रयत्न करू’ म्हणत आला, दोन दिवस राहिला आणि व्हायला नको होतं ते झालं. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी मित्राबरोबर होते. आता मला दिवस गेलेत.*

*साडेसहाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली, तेव्हा दोन सॅक (गर्भाच्या पिशव्या) होत्या, दोन्हींत ठोके होते. नवव्या आठवड्यात एकाचे ठोके बंद झालेले. डॉक्टर म्हणाल्या, ते आपोआप विरघळून जाईल, दुसरं बाळ छान आहे. आता दहावा आठवडा संपतोय. हे बाळ मला हवंच आहे. मित्राला मी सगळं खरं सांगितलंय. तो म्हणतो, बाळ कुणाचं ते आधी कळू दे, मग घरी बोलतो.*

*मैत्रिणीने एका एजंटचा नंबर दिला. तो घरी येऊन माझं रक्त आणि मित्राच्या गालातला नमुना घेणार, परदेशातल्या लॅबला पाठवणार. पण फॉर्मवर प्रश्न आहे, ‘या गरोदरपणात जुळं आहे का किंवा होतं का?’ एजंट म्हणतो, ‘नाही’ लिहा, नाहीतर सॅम्पल परत येईल. लिहू का? जे बाळ राहिलंच नाही त्याचा असा काय फरक पडणार?*

*आणि एक. सहाव्या आठवड्यात मी वणीच्या गडावर पायऱ्या चढून गेले होते. ते बाळ माझ्यामुळे गेलं का?*

*— नाव छापू नका, नाशिक*

तुम्ही शेवटी विचारलंत त्याचं उत्तर मी आधी देते. बाकीचं पत्र तारीख-वार लावून लिहिलंय आणि हा प्रश्न जाता जाता एका ओळीत टाकलाय. तुमची झोप उडवणारा प्रश्न हाच असणार, असं मला वाटतं.

नाही. ते बाळ तुमच्यामुळे गेलं नाही. गडाच्या पायऱ्यांनी नाही, सातपूरच्या खड्ड्यांतून स्कूटर चालवल्याने नाही, रडल्याने किंवा चिडल्याने नाही. नवऱ्याबरोबरच्या त्या दोन दिवसांची शिक्षा म्हणूनही नाही, आणि हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या मनात ते कुठेतरी असणार. पहिल्या तीन महिन्यांत थांबणाऱ्या गर्भांमध्ये बहुतेक वेळा गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ती चूक बीज फळतानाच, किंवा त्याच्याही आधी, बीज तयार होताना होऊन गेलेली असते. तुम्ही गडावर गेलात तेव्हा त्या बाळाचं पुढे काय होणार, हे बहुधा ठरूनच गेलं होतं.

सुरुवातीच्या सोनोग्राफीत जी जुळी दिसतात, त्यांपैकी साधारण वीस ते तीस टक्क्यांत एक गर्भ असा मागे पडतो, असा अंदाज आहे. आपल्या आज्यांच्या काळात हे कुणाला कळायचंच नाही. एक बाळ जन्माला यायचं आणि आईला आयुष्यभर वाटायचं की एकच होतं. तुमची तपासणी लवकर झाली म्हणून तुम्हाला दोन ठोके दिसले, आणि म्हणूनच एक गेल्याचंही दिसलं. ‘एक तरी आहे ना’ असं तुम्हाला कुणी ना कुणी म्हणालं असेल. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण तुम्ही दोन ठोके ऐकून आला होतात. एका बाळाचं दुःख आणि दुसऱ्याचा आनंद एकाच वेळी वाटण्यात काही चुकीचं नाही, आणि त्या रडण्याचा पोटातल्या बाळाला त्रास होत नाही.

तब्येतीचं लगेच सांगून टाकते. मधूनमधून थोडा तपकिरी डाग पडू शकतो. जास्त रक्त गेलं किंवा पोटात कळा आल्या, तर रात्र असली तरी दवाखान्यात जा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. दोन वेगळ्या सॅक होत्या आणि एक बाळ इतक्या लवकर थांबलं, अशा वेळी राहिलेलं बाळ बहुतेकदा व्यवस्थित वाढतं.

आता फॉर्मवरचा प्रश्न. तिथे ‘नाही’ लिहू नका. आणि खरं सांगायचं तर ते सॅम्पल आत्ता देऊच नका. का, ते नीट सांगते. एजंटने हे सांगितलेलं नाही, आणि तो सांगणारही नाही.

गरोदर बाईच्या रक्तात तिचा स्वतःचा डीएनए तुकड्यातुकड्यांनी फिरत असतो आणि त्यातच थोडा बाळाकडचाही असतो. 1997 साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा दाखवून दिलं. आईच्या नुसत्या रक्तावरून होणाऱ्या आजच्या सगळ्या चाचण्या त्याच शोधावर उभ्या आहेत. मात्र ‘बाळाचा डीएनए’ म्हणतो तो प्रत्यक्षात वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, येतो. वारेच्या पेशी मरतात, फुटतात आणि त्यांचे तुकडे आईच्या रक्तात उतरतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांचं प्रमाण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असतं. कुणात त्याहून बरंच कमी, कुणात जास्त. उरलेला सगळा डीएनए आईचा.

पितृत्वाची चाचणी करणारी लॅब या मिश्रणात डीएनएवरच्या हजारो जागा तपासते. ज्या जागी आईकडे एकच प्रकारचं अक्षर (म्हणजे डीएनएचा घटक) आहे आणि रक्तात मात्र थोड्या प्रमाणात दुसरं अक्षरही दिसतंय, तिथे ते जादा अक्षर बाळाला बापाकडून आलेलं असणार. अशी जादा अक्षरं गोळा करायची आणि ज्या पुरुषाचा नमुना दिलाय त्याच्याकडे ती आहेत का ते बघायचं. तो बाप असेल तर ती सगळी त्याच्याकडे सापडतात. नसेल तर कितीतरी जागी मेळ बसत नाही. पद्धत उत्तम आहे, पण तिची सगळी आकडेमोड एक गोष्ट गृहीत धरून चालते, की पोटात एकच बाळ आहे.

तुमच्या पोटात बाळ एकच वाढतंय. प्लॅसेंटा मात्र दोन आहेत. थांबलेल्या बाळाचे ठोके बंद झाले, म्हणून त्याच्या वारेच्या पेशी त्या दिवशी नाहीशा झाल्या नाहीत. त्या हळूहळू विरतात आणि विरता विरता आपला डीएनए तुमच्या रक्तात सोडत राहतात. प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की बाळाचा डीएनए आईच्या रक्तातून काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत निघून जातो. तुमच्या बाबतीत ती दुसरी वार अजून आतच आहे. हा डीएनए किती दिवस येत राहील, याचं पंचांग कुणाकडे नाही. ठोके बंद झाल्यानंतर आठ आठवड्यांनी आणि काही वेळा त्याहूनही उशिरा तो सापडलेला आहे. त्यामुळे ‘दोन आठवडे थांबून रक्त देऊ’ असं एजंट म्हणाला, तरी त्याला काही आधार नाही.

हे पुस्तकातलंच ज्ञान आहे असं समजू नका. ज्या देशांत बाळाचं लिंग सांगायला बंदी नाही, तिथे आईच्या रक्तात वाय गुणसूत्र सापडलं म्हणून मुलगा सांगितला गेला आणि जन्माला मुलगी आली, असे प्रकार नोंदले गेले आहेत. त्यांतल्या काहींत सुरुवातीची सोनोग्राफी काढून पाहिली, तर तिथे दुसरी सॅक होती. वाय त्या गेलेल्या भावाचं होतं.

तुम्ही विचारलंत, याने असा काय फरक पडणार. फरक दोन तऱ्हेचा आहे.

समजा, दोन्ही गर्भ एकाच पुरुषाचे होते. जुळ्यांच्या बाबतीत जवळजवळ नेहमी असंच असतं. मग रक्तातली जादा अक्षरं एकाच बापाची असतील, फक्त त्यांची मापं विचित्र दिसतील. कारण भावंडं असली तरी दोघांनी बापाकडून उचललेली अक्षरं वेगवेगळी असतात. कुठे दोघांचं मिळून प्रमाण दिसेल, कुठे एकाचंच. लॅबचं सॉफ्टवेअर गोंधळेल आणि बहुधा ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं उत्तर येईल. तुमचे पैसे आणि दोन आठवडे जातील, एवढंच.

आता दुसरी शक्यता. बाईच्या शरीरात पुरुषाचं बीज पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं. एकाच महिन्यात दोन स्त्रीबीजं सुटली आणि त्या चार-पाच दिवसांत दोन पुरुषांशी संबंध आला, तर एक बीज एकाकडून आणि दुसरं दुसऱ्याकडून फळू शकतं. हे अतिशय दुर्मीळ आहे, जगभरात नोंदलेली उदाहरणं मोजकीच आहेत. दुसरी कुणी असती तर मी हा परिच्छेद लिहिलाही नसता. पण तुमच्या पत्रातल्या तारखा नेमक्या तशा आहेत. ज्या कारणासाठी तुम्हाला ही चाचणी हवी आहे, त्याच कारणामुळे इथे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तसं झालं असेल, तर तुमच्या रक्तात दोन बापांची अक्षरं एकत्र फिरताहेत. लासलगावच्या लिलावात एकाच ट्रॉलीत दोन शेतकऱ्यांचा कांदा भरून नेला, तर कोणता कांदा कुणाच्या वावरातला, हे व्यापाऱ्याला सांगता येईल का? लॅबची अवस्था तशीच होते. एखादं अक्षर जिवंत बाळाच्या वारेतून आलंय की गेलेल्या बाळाच्या, हे त्या अक्षरावर लिहिलेलं नसतं. जिवंत बाळ तुमच्या मित्राचं असूनही गेलेल्याच्या डीएनएमुळे ‘हा बाप नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. त्याची शक्यता थोडीच आहे, हे मला मान्य आहे. पण त्या कागदावर तुम्ही लग्न ठरवणार किंवा मोडणार आहात.

म्हणून चांगल्या लॅब जुळ्यांचं किंवा एक बाळ गेलेल्या गरोदरपणातलं सॅम्पल घ्यायलाच नकार देतात, आणि म्हणूनच फॉर्मवर तो प्रश्न आहे. ‘नाही’ लिहिल्याने लॅबची फसवणूक होईल, पण तिचं काही बिघडणार नाही. चुकीचा रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही बसाल, आणि तो चुकीचा आहे हे कळायला प्रसूतीपर्यंत मार्ग नसेल. एजंटला विकायचंय ते किट. तुमचं सॅम्पल परत गेलं तर त्याचं कमिशन बुडतं, म्हणून तो ‘नाही’ लिहायला सांगतोय.

याच कारणाने आणखी एक सांगते, आणि पितृत्वापेक्षा याची मला जास्त काळजी आहे. पुढच्या काही आठवड्यांत तुम्हाला डबल मार्कर ही रक्तचाचणी करायला सांगतील, कदाचित डाउन सिंड्रोमसाठी आईच्या रक्तावरची एनआयपीटीही सुचवतील. या दोन्हींवर त्या दुसऱ्या वारेचा परिणाम होतो. डबल मार्करमधलं पॅप-ए हे प्रथिन वारेतूनच येतं, त्यामुळे आकडा वाढलेला दिसू शकतो. एनआयपीटीत तर गेलेल्या गर्भातला गुणसूत्रदोष जिवंत बाळाच्या नावावर लागू शकतो. धडधाकट बाळाचा रिपोर्ट वाईट आला, तर तुमचं काय होईल, विचार करा. तेव्हा एनटी स्कॅनला (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीला) आणि प्रत्येक रक्ततपासणीला साडेसहाव्या आठवड्याचा रिपोर्ट सोबत न्या आणि ‘दुसरी सॅक होती’ हे तोंडाने सांगा. दवाखाना बदलला, डॉक्टर बदलल्या, तरी सांगा. फाईल वाचली असेल असं धरून चालू नका. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये डॉक्टर मग एनटीच्या मापावर आणि पुढच्या सविस्तर सोनोग्राफीवर जास्त भर देतात.

कायद्याची बाजूही आहे. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते, ती ज्या 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे, त्याच कायद्यात पोटातल्या बाळाची तपासणी कोणत्या कारणांसाठी करता येते याची यादी दिली आहे. गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे जनुकीय आजार, थॅलेसेमियासारखे हिमोग्लोबिनचे आजार, लिंगाशी जोडलेले आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंगं अशी ती यादी आहे. बाप कोण, हे त्यात नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारलंत तर त्या नाही म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. घरी येऊन रक्त घेणारा आणि कुरिअरने देशाबाहेर पाठवणारा माणूस तुम्हाला या कायद्याच्या कचाट्यात घालतोय. त्या रिपोर्टात बाळाचं लिंगही छापून आलं, तर प्रकरण आणखी गंभीर होतं. शिवाय ज्या नमुन्याची ओळख कुणी पटवलेली नाही, घेतानाचे साक्षीदार नाहीत, असा कागद न्यायालयात टिकत नाही. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तिथेही तो उपयोगाचा नाही.

मैत्रीण कदाचित म्हणेल, सोनोग्राफीच्या तारखेवरून काढ. तेही होणार नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने गर्भाचं वय सगळ्यांत अचूक कळतं हे खरं, पण त्यातही पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात. तुमच्या दोन तारखांत अंतरच तीन-चार दिवसांचं आहे. आणि संबंध आला त्याच दिवशी बीज फळतं असंही नाही.

पोटातल्या पाण्याच्या तपासणीबद्दल, म्हणजे अॅम्निओसेंटेसिसबद्दल, तुम्ही कुठेतरी वाचाल, म्हणून तेही लिहिते. पंधराव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढतात. त्यात त्याच बाळाच्या पेशी असतात, त्यामुळे दुसऱ्या वारेची सरमिसळ तिथे येत नाही. वारेचा तुकडा काढून करायची तपासणी याहून लवकर होते, पण तुमच्यात सुई नको त्या वारेत जाण्याची भीती आहे. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, आणि एक बाळ गमावल्यावर तो थोडाही मोठा वाटेल. एनटी किंवा पुढच्या सोनोग्राफीत काही शंका आली आणि बाळाच्या तब्येतीसाठी डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, तर जरूर विचार करा. बाप कोण हे कळावं म्हणून मात्र सुई घालून घेऊ नका, कुणी लपूनछपून करून द्यायला तयार असलं तरी.

तुमच्या पत्रातलं ‘हे बाळ मला हवंच आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाळ ठेवायचं की नाही, हा प्रश्न तुमच्यापुढे नाही. मग उत्तर आत्ता मिळालं काय आणि सात महिन्यांनी मिळालं काय, बाळाच्या दृष्टीने काही बदलत नाही. जन्मानंतर बाळाच्या गालाच्या आतून कापूस फिरवला की झालं. सुई नाही, रक्त नाही. त्या नमुन्यात तुमचा डीएनए मिसळलेला नाही, गेलेल्या भावंडाचाही जवळजवळ कधीच नाही. वीसेक ठरलेल्या जागा तपासून उत्तर मिळतं, आणि तो पुरुष बाप नसेल तर ते स्वच्छ दिसतं.

‘जवळजवळ’ म्हटलं, कारण एक विलक्षण हकिगत आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याची गोष्ट प्रसिद्ध झाली. बाळाचा बाप हा नाही, असं चाचणी सांगत होती. पुढे खोलात गेल्यावर कळलं की तो बापच आहे. त्या माणसाच्या स्वतःच्या शरीरात त्याच्या जुळ्या भावाच्या पेशी होत्या, जो त्याच्या आईच्या पोटात असतानाच विरून गेला होता. चाचणीच्या मते तो बाळाचा काका लागत होता. असं फार क्वचित होतं, तुम्ही त्याची धास्ती घेऊ नका. पण जन्मानंतर तपासणी कराल तेव्हाही ‘या गरोदरपणात दुसरी सॅक होती’ हे सांगा, आणि रक्ताऐवजी गालातलाच नमुना द्या.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही ते. तुमचा घटस्फोट झालेला नाही. भारतीय साक्ष अधिनियम 2023, कलम 116, हे पूर्वीचं 1872 च्या कायद्यातलं कलम 112, असं सांगतं की लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर 280 दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना, जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. त्या काळात दोघांची भेट होणंच शक्य नव्हतं असं सिद्ध झालं, तरच ते मोडतं. तुमची भेट झाली आहे. म्हणजे डीएनए काहीही म्हणो, कायद्याची सुरुवात तुमच्या नवऱ्याच्या नावापासून होणार. सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून सांगितलं आहे की मुलाच्या पितृत्वाची चाचणी मागितली की लगेच द्यायची नाही. 2023 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं, की आईबापांच्या भांडणात मुलाचं पितृत्व उगाच पणाला लावायचं नाही. मुलाच्या अंगाने पाहिलं तर हे मला पटतं. पण तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा, की एजंटचा रिपोर्ट ‘मित्राचं’ म्हणाला, तरी त्याने मित्र कायद्याने बाप होत नाही.

म्हणून लॅबच्या आधी वकील गाठा. त्या दोन दिवसांचंही वकिलांना सांगा, लपवू नका, केसवर त्याचा परिणाम होऊ शकतो आणि समोरच्या बाजूने ते बाहेर आलं तर जास्त अवघड होईल. सध्याच्या वकिलांशी हे बोलायचा संकोच वाटत असेल, तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, पगार कितीही असला तरी. सातवा महिना लागायच्या आत हे करा. प्रसूतीच्या वेळी हॉस्पिटलचा कागद वडिलांचं नाव विचारेल, जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि ओली बाळंतीण म्हणून तुम्ही तेव्हा हे सगळं निस्तरायच्या अवस्थेत नसाल. नवऱ्याला गरोदरपणाचं कधी आणि कसं सांगायचं, हेही वकिलांशी बोलूनच ठरवा. त्याच्याकडून मारहाणीची किंवा धमकीची थोडीही भीती असेल, तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवा.

तुमच्या डॉक्टरांनाही दोन पुरुषांबद्दल सांगायला हरकत नाही. त्या बाहेर बोलू शकत नाहीत, व्यवसायाचं ते बंधनच आहे. नाशिक अजून तसं लहान गाव आहे, वेटिंग रूममध्ये कुणीतरी ओळखीचं निघतंच, हे मला ठाऊक आहे. एकट्या आत जा आणि सांगा. पुढच्या प्रत्येक रिपोर्टचा अर्थ लावताना त्यांना त्याचा उपयोग होईल.

राहिला तुमचा मित्र. तुम्ही त्याला खरं सांगितलंत. ते सांगायला तुम्हाला किती धीर लागला असेल, याची मला कल्पना आहे. तो चिडून निघून गेला नाही, हेही मी त्याच्या बाजूने धरते. बाळ आपलं आहे का, हे जाणून घ्यायचा त्याला अधिकार आहे. पण दहाव्या आठवड्यात, चुकीचं उत्तर देऊ शकणाऱ्या चाचणीवरून, तुमच्या जिवाला घोर लावून ते जाणून घ्यायचा अधिकार त्याला नाही. हे पत्र त्याला वाचायला द्या. मग त्याला सरळ विचारा, ‘बाळ तुझं नसलं तर तू काय करशील?’ या प्रश्नाला लॅब लागत नाही, तो आज उत्तर देऊ शकतो. तो म्हणाला, मला विचार करायला वेळ दे, तर वेळ द्या, ते प्रामाणिक उत्तर आहे. तो म्हणाला, माझं असलं तरच, तर ते ऐकून खूप लागेल. पण मग पुढचे सात महिने तुम्ही माहेरच्या कुणाचा तरी आधार उभा करायला वापराल, रिपोर्टची वाट बघण्यात नाही. आई-बहीण कुणी असेल, तर तिला आता सांगा. एवढं सगळं तुम्ही एकट्याने वाहताय, आणि वर नोकरी. रात्री फारच असह्य झालं तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मित्र थांबायला तयार झाला, तर जन्मानंतरच्या तपासणीचं दोघं मिळून आणि वकिलांना विचारून ठरवा. कुणाचा ब्रश किंवा केस गुपचूप पाठवायचा नाही, हेही आत्ताच ठरवून टाका.

एनटी स्कॅन अकराव्या आठवड्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत होतो, म्हणजे तुमची वेळ आता सुरूच होतेय. उद्याच अपॉइंटमेंट घ्या. एजंटला नाही म्हणून कळवा, आगाऊ पैसे दिले असतील तर परत मागा, आणि तुमचं नाव-पत्ता लिहिलेला फॉर्म त्याच्याकडे असेल तर तोही परत घ्या. स्कॅन झाला आणि वकिलांशी एकदा बोलून झालं, की काय म्हणाले ते मला लिहा.